विश्लेषण : फिजिओथेरपीचा कोर्स संपला, दुखणे पुन्हा सुरू! जुनाट वेदनांच्या रुग्णांना पाठपुरावा का हवा?

महिनाभर फिजिओथेरपी झाली, कंबर मोकळी झाली आणि फाइल कपाटात गेली. तीन-चार महिन्यांनी घरात लग्न निघते, दिवाळीची साफसफाई येते किंवा एसटीचा लांबचा प्रवास घडतो आणि कंबर पुन्हा धरते. मग नवा डॉक्टर, नवा एमआरआय, नवा कंबरपट्टा आणि पुन्हा दहा दिवसांचा शेक. कंबर, मान, गुडघा किंवा सर्वांगाच्या जुनाट दुखण्याने त्रासलेल्या अनेकांना हे चक्र ओळखीचे वाटेल. दर वेळी आधीचा उपचार चुकलेला असतोच असे नाही. बऱ्याचदा उपचार ठीक झालेले असतात, पण ते संपल्यावर रुग्णाची विचारपूस करणारे कोणीच नसते. पुनर्वसनानंतरचा हा पाठपुरावा म्हणजे काय, त्याने किती फरक पडतो आणि आपल्याकडे तो का होत नाही, याचा हा आढावा.

जुनाट वेदना कशाला म्हणतात?

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्रात जुनाट किंवा दीर्घकालीन वेदना म्हणतात. बोट कापले, हाड मोडले की होणारी वेदना हा शरीराचा इशारा असतो. जखम भरली की ती थांबते. जुनाट वेदनेत जखम भरून गेल्यावरही इशारा वाजतच राहतो. मज्जासंस्था अधिक संवेदनशील झालेली असते, त्यामुळे साध्या हालचालीनेही कळ येते. ही वेदना काल्पनिक नसते, ‘मनाचे खेळ’ तर मुळीच नसतात. मात्र दुखते म्हणजे आत काहीतरी मोडते आहे, असेही प्रत्येक वेळी नसते.

वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयएएसपी’ने १९७९ मध्ये केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये सुधारली. वेदना हा व्यक्तिगत अनुभव असून त्यावर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक घटकांचा कमी-अधिक परिणाम होतो, हे त्यासोबतच्या टिपणात स्पष्ट केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची सुधारित यादी (आयसीडी-११) १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. म्हणजे ती दुसऱ्या एखाद्या आजाराचे केवळ लक्षण नाही, तर स्वतःच एक आजार असू शकते, हे मान्य झाले. मधुमेह किंवा रक्तदाबाचा रुग्ण वर्षानुवर्षे तपासणीला येतो, तसे या आजाराचेही व्हायला हवे, हा त्याचा सरळ अर्थ.

हा त्रास किती जणांना आहे?

एकट्या कंबरदुखीचे आकडे पाहिले तरी अंदाज येतो. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज ‘लॅन्सेट रुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाला जिवंतपणी अपंगत्व आणणाऱ्या कारणांत कंबरदुखी जगात सर्वांत वर आहे.

महाराष्ट्राकडे याविषयी स्वतःची आकडेवारीही आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधे, स्नायू आणि हाडांच्या दुखण्याची पाहणी केली. ‘कॉपकॉर्ड’ नावाच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना अशी दुखणी असल्याचे आढळले. हे दुखणे खुर्चीत बसून काम करणाऱ्या शहरी माणसाचे आहे, हा समज या पाहणीने खोटा ठरवला. वाकून खुरपणी करणारी बाई, उसाची मोळी उचलणारा मजूर, डोक्यावरून पाणी आणणारी मुलगी यांच्या पाठी-मानांवर रोजच भार असतो.

पुनर्वसनात नेमके काय केले जाते?

पुनर्वसन म्हणजे केवळ शेक आणि मशीन लावणे नव्हे. चांगल्या कार्यक्रमात डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक आणि शक्य असल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकत्र काम करतात. वेदना कशी निर्माण होते हे रुग्णाला समजावले जाते. हळूहळू वाढत जाणारा व्यायाम दिला जातो. हालचालीची भीती घालवली जाते. झोप, ताण आणि कामाची पद्धत यांवर बोलले जाते. दुखणे शून्यावर आणण्यापेक्षा चालणे, बसणे, काम करणे आणि झोपणे सुधारावे, हे उद्दिष्ट असते. दहापैकी सात असलेले दुखणे पाचवर आले आणि माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला, तर ते यशच.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रुग्णशिक्षण, व्यायाम, मसाजसारखे काही शारीरिक उपचार आणि विचार-वर्तन उपचारासारख्या मानसिक उपचारांचा समावेश आहे. कंबरपट्टे, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ताण देणे आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांची मात्र नेहमीचे उपचार म्हणून शिफारस केलेली नाही. आपल्याकडे नेमके पट्टा आणि ट्रॅक्शन हेच अनेकांच्या उपचाराचे पहिले पान असते.

मग मिळालेला फायदा ओसरतो कशामुळे?

पहिले कारण अगदी साधे आहे. बरे वाटले की व्यायाम सुटतो. क्लिनिकमध्ये कोणीतरी समोर उभे असते, वेळ ठरलेली असते. घरी सकाळचा डबा, पाण्याची वेळ, मुलांची शाळा आणि लोकल गाठण्याची घाई असते. व्यायामाचा कागद फ्रिजवर चिकटलेला राहतो.

दुसरे कारण म्हणजे बऱ्या दिवसाचा मोह. ‘आज कंबर मोकळी आहे, सगळे उरकून घेऊ’ असे म्हणून माणूस एका दिवसात आठवड्याचे काम करतो. पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. मग पुन्हा बरा दिवस आणि पुन्हा तेच. अति काम आणि पूर्ण विश्रांती यांच्या या हेलकाव्यात शरीराची ताकद हळूहळू घटत जाते.

तिसरे कारण भीतीचे. जुनाट दुखण्यात अधूनमधून भडका उडणे हा आजाराचाच भाग आहे. पण याची कल्पना आधी दिलेली नसेल, तर रुग्णाला वाटते की उपचार फसला, मणका आणखी बिघडला. तो हालचाल थांबवतो. स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते.

चौथे कारण वेगवेगळ्या तोंडचे वेगवेगळे सल्ले. एक डॉक्टर चालायला सांगतो, दुसरा झोपून राहायला सांगतो, शेजारी जमिनीवर झोपायला सांगतात. त्यात एमआरआयच्या अहवालातले शब्द धडकी भरवतात. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘झीज झाली’, ‘गादी सरकली’ हे एकदा कानावर पडले की माणूस वाकायलाही घाबरतो. वास्तविक कसलेही दुखणे नसलेल्या लोकांच्या तपासण्यांतही अशी झीज सर्रास दिसते. अमेरिकेतील ‘अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात कंबरदुखी नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील गादीची झीज दिसली होती. केस पांढरे व्हावेत तसे हे बदल वयाबरोबर होतात. त्यांचा आणि दुखण्याचा संबंध असेलच असे नाही.

आणि शेवटचे कारण, घर व नोकरी तीच राहते. स्वयंपाकाचा ओटा तेवढाच उंच, दुकानातले आठ तासांचे उभे राहणे तेच, मालकाचा तगादा तोच. पुनर्वसनाने माणूस बदलतो, भोवतालची परिस्थिती बदलत नाही. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम कोर्स संपल्यावरच सुरू होते.

पाठपुरावा म्हणजे पुन्हा तोच कोर्स का?

नाही. पाठपुरावा म्हणजे थोड्या थोड्या अंतराने मिळणारा आधार. त्याचे चार-पाच प्रकार आहेत. एक, उजळणी सत्रे. कोर्स संपल्यावर दीड महिना, तीन महिने, सहा महिने अशा टप्प्यांवर फिजिओथेरपिस्ट एकदा भेटतो, व्यायाम तपासतो, जुना पडला असेल तर बदलून देतो. दोन, फोन किंवा व्हिडिओ कॉल. दहा मिनिटांच्या बोलण्यातही ‘व्यायाम का सुटला’ हे कळते आणि मार्ग निघतो. तीन, समदुःखी रुग्णांचा गट. आपल्यासारखाच त्रास असलेला माणूस चालू लागला आहे हे पाहून जो धीर येतो, तो औषधाच्या चिठ्ठीतून येत नाही. चार, भडका उडाल्यावर काय करायचे याचा लेखी आराखडा. आणि पाच, नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे रीतसर सुपूर्द करणे, म्हणजे काय उपचार झाले, कोणती औषधे कमी करायची आहेत आणि कोणत्या तपासण्या पुन्हा करण्याची गरज नाही, हे पत्र त्यांच्या हाती पडणे.

यातला पाचवा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. पत्रच नसल्याने पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो आणि रुग्णाचा खर्चही पहिल्यापासून सुरू होतो.

पाठपुराव्याने खरोखर फरक पडतो का?

पुरावे आशादायक आहेत, पण सरसकट नाहीत. ऑस्ट्रेलियातील ‘रिस्टोर’ हा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीमुळे हालचालींवर मर्यादा आलेले ४९२ रुग्ण त्यात होते. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. इतरांना फिजिओथेरपिस्टने १२ आठवड्यांत सात सत्रांत वेदनेची समज, हालचालीची भीती आणि जीवनशैली यांवर वैयक्तिक मार्गदर्शन केले आणि २६व्या आठवड्यात एक उजळणी सत्र घेतले. या रुग्णांची कामे करण्याची क्षमता ठळकपणे सुधारली आणि ती वर्षभर टिकली. २०२५ मध्ये आलेल्या पुढच्या निष्कर्षांत तीन वर्षांनंतरही फायदा दिसला. यातला नेमका किती वाटा उजळणी सत्राचा, हे या अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. पण रुग्णाला स्वतःचे दुखणे सांभाळायला शिकवले तर फायदा टिकू शकतो, हे त्यातून दिसते.

ऑस्ट्रेलियातलाच ‘वॉकबॅक’ हा २०२४ मधील अभ्यास कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ प्रौढांवर झाला. फिजिओथेरपिस्टने सहा महिन्यांत सहा वेळा मार्गदर्शन करून त्यांना हळूहळू चालण्याची सवय लावली. आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालणे, हे लक्ष्य होते. दैनंदिन कामात अडथळा आणणारे दुखणे परत येईपर्यंत या गटात मध्यम कालावधी २०८ दिवसांचा होता, तर काहीच मार्गदर्शन न मिळालेल्या गटात ११२ दिवसांचा. मशीन नाही, महागडी जिम नाही. चालणे आणि विचारपूस करणारा एक माणूस, एवढेच.

गुडघ्याच्या झिजेबाबत न्यूझीलंडमधला एक छोटा अभ्यास लक्षात घेण्याजोगा आहे. ७५ रुग्णांपैकी काहींना बारा सत्रे नऊ आठवड्यांत सलग दिली गेली. इतरांना सुरुवातीला आठच सत्रे दिली आणि उरलेली चार पाचव्या, आठव्या आणि अकराव्या महिन्यांपर्यंत विभागून दिली. सत्रांची संख्या सारखीच, पण विभागून दिलेल्या गटाला वर्षाअखेरीस अधिक फायदा झाला. मात्र अमेरिकेत ३०० रुग्णांवर झालेल्या अशाच मोठ्या अभ्यासात वर्षभरानंतर असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे नुसती तारीख देऊन बोलावणे पुरेसे नाही. त्या भेटीत काय केले जाते, व्यायाम पुढे नेला जातो का, अडचण ऐकून घेतली जाते का, यावर बरेच अवलंबून असावे.

इतर देशांत याची व्यवस्था कशी आहे?

जर्मनीत निवृत्तिवेतन विमा यंत्रणाच पुनर्वसनानंतरच्या टप्प्याचा खर्च उचलते. माणूस दुखण्यामुळे लवकर निवृत्त झाला तर त्याचा बोजा शेवटी याच यंत्रणेवर पडणार, हा त्यामागचा हिशेब. ‘इरेना’ या कार्यक्रमात मूळ पुनर्वसन संपल्यावर रुग्णाला साधारण २४ सत्रे मिळतात. ती नोकरी सांभाळून करता येतील अशी आखलेली असतात. केवळ व्यायामासाठी आणि मानसिक आधारासाठी वेगळे कार्यक्रमही आहेत.

डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या ‘ग्लॅड’ कार्यक्रमात गुडघा आणि खुब्याच्या झिजेच्या रुग्णांना माहिती आणि सहा आठवड्यांत बारा व्यायामसत्रे दिली जातात. तीन महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी त्यांची नोंद पुन्हा घेतली जाते. स्वीडनमध्ये वेदना-पुनर्वसनाची राष्ट्रीय नोंदवही आहे. उपचारापूर्वी, उपचार संपताना आणि वर्षभरानंतर रुग्ण कसा आहे, याची माहिती तिच्यात भरली जाते. वर्षभरानंतर विचारायचेच आहे हे ठरले, की केंद्रांनाही रुग्णाचा संपर्क ठेवावा लागतो.

आपल्याकडे अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पैशांची. आपल्या आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेल्या आहेत. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपुरताच धरला जातो. जुनाट वेदनेचा रुग्ण बहुतेक वेळा दाखलच होत नाही. त्याचा खर्च बाह्यरुग्ण विभागातला, फिजिओथेरपीच्या दर सत्राचा आणि रिक्षाभाड्याचा असतो. खासगी विम्याच्या बहुसंख्य पॉलिसीही दाखल होण्याशीच बांधलेल्या आहेत. तिसऱ्या महिन्यातल्या उजळणी सत्राचे पैसे खिशातूनच जातात. आणि बरे वाटत असताना कोण पैसे देऊन जाणार?

दुसरी अडचण माणसांची. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, मोठ्या शहरांत वेदना निवारण केंद्रेही आहेत. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला उजळणीसाठी शहर गाठायचे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते.

तिसरी अडचण जबाबदारीची. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात शस्त्रक्रियेची गरज नाही, फिजिओथेरपिस्ट म्हणतात कोर्स पूर्ण झाला, फॅमिली डॉक्टर म्हणतात तज्ज्ञांना दाखवा. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि रुग्ण मधल्या जागेत उभा राहतो.

तरीही काही सांगाडा उपलब्ध आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी, परिहार सेवा आणि मानसिक आरोग्य यांचा समावेश आहे. ‘ई-संजीवनी’मार्फत दूरस्थ सल्ला मिळतो. मानसिक त्रासासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपीसह संलग्न आरोग्य व्यवसायांना राष्ट्रीय आयोगाच्या चौकटीत आणले. केरळने तर परिहार सेवेत स्थानिक स्वयंसेवक आणि परिचारिकांच्या गृहभेटींतून पाठपुरावा कसा उभा राहतो, हे दाखवून दिले आहे. जुनाट वेदनेच्या रुग्णाला तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात एक फोन करणे, हे काम या चौकटीत बसवण्यासाठी नवे इस्पितळ बांधावे लागणार नाही.

दुखणे पुन्हा उलटले तर काय करावे?

भडका उडणारच, हे धरून चालावे. त्यासाठीचा आराखडा बरे वाटत असतानाच फिजिओथेरपिस्टसोबत बसून लिहून घ्यावा. साधारणपणे त्यात पुढील गोष्टी असतात. पहिले एक-दोन दिवस काम कमी करावे, पण पूर्ण अंथरूण धरू नये. रोज अर्धा तास चालत असाल तर दहा-दहा मिनिटे दोनदा चालावे. व्यायाम थांबवण्याऐवजी सोपे आणि कमी करावेत. शेकाने बरे वाटत असेल तर शेक घ्यावा. झोपेची वेळ मोडू नये. दुखणे ओसरू लागले की चार-पाच दिवसांत पायरी-पायरीने पूर्ववत यावे.

बऱ्या दिवसांसाठीही नियम हवा. दुखले की थांबायचे, यापेक्षा घड्याळ पाहून थांबायचे. ओट्यापाशी वीस मिनिटे उभे राहता येते हे माहीत असेल, तर पंधराव्या मिनिटाला बसावे, दुखो वा न दुखो. झाडलोट आज, कपाट उद्या. शेतात एकाच जागी तासभर वाकून राहण्यापेक्षा मधे उठून दुसरे काम करावे.

औषधांबाबत सावध राहावे. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन् महिने घेतल्यास पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम होऊ शकतो. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते. म्हणूनच २०१८ पासून ती अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. नसांच्या दुखण्यासाठी दिलेली प्रीगाबालिन, गाबापेन्टिनसारखी औषधे बरे वाटले म्हणून एकदम बंद करू नयेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात.

कोणती लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये?

प्रत्येक नवे दुखणे ‘जुनेच आहे’ म्हणून सोडून देणेही धोक्याचे. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, लघवी अडणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, पायाची ताकद झपाट्याने कमी होणे, अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखण्यासोबत ताप, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपू न देणारी सततची वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, पडल्यानंतर वृद्ध व्यक्तीला सुरू झालेली पाठदुखी, या स्थितींतही लवकर तपासणी करून घ्यावी.

सततच्या दुखण्याने मन खचणे हेही लक्षणच आहे. झोप उडाली, कशातच रस राहिला नाही, जगण्याचा कंटाळा आला किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.

घरच्यांनी काय करावे?

‘काहीच करू नकोस, बसून राहा’ आणि ‘रोजचेच नाटक आहे’ ही दोन्ही टोके रुग्णाचे नुकसान करतात. पहिल्याने माणूस निकामी होतो, दुसऱ्याने एकटा पडतो. आजी बसून भाजी निवडू शकत असेल तर ते काम तिच्याकडून काढून घेऊ नये. ‘आज किती दुखतेय?’ या प्रश्नाऐवजी ‘आज कुठवर चालून आलीस?’ असे विचारले, तर बोलणे दुखण्यावरून जगण्याकडे वळते. संध्याकाळी सोबत चालायला जाणे, हा घरच्यांनी करायचा सर्वांत स्वस्त पाठपुरावा.

घरातल्या बाईच्या बाबतीत हे विशेष सांगावे लागते. तिला व्यायाम सांगितला जातो, पण त्यासाठी अर्धा तास मोकळा करून देण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. व्यायाम सुटला तर दोष मात्र तिच्याच माथी येतो.

कोर्स संपताना कोणते प्रश्न विचारावेत?

शेवटच्या सत्राला पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझी पुढची भेट कधी, आणि ती आत्ताच ठरवता येईल का? उरलेली सत्रे सलग न घेता पुढच्या सहा महिन्यांत विभागून घेता येतील का? भडका उडाला तर मी काय करायचे आणि किती दिवसांनी कोणाला फोन करायचा? कोणती औषधे किती काळ घ्यायची आणि कमी कोण करणार? आणि माझ्या फॅमिली डॉक्टरसाठी एक पत्र द्याल का?

या प्रश्नांना पैसे पडत नाहीत. दुसरा प्रश्न तर खिशाच्या सोयीचाच आहे, कारण त्यात सत्रे वाढत नाहीत, फक्त अंतराने येतात. उत्तरे कागदावर घ्यावीत, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा आणि पुढच्या भेटीच्या तारखेचा गजर त्याच वेळी लावावा. तीन महिन्यांनी तो वाजेल तेव्हा बहुधा बरे वाटत असेल आणि जाण्याचा कंटाळा येईल. तरीही जावे. बरे वाटत असताना झालेल्या भेटीत व्यायाम पुढे नेता येतो. दुखणे उलटल्यावरच्या भेटीत पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. व्यायाम आणि औषधांतील बदल आपल्या डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच करावेत.)